जुन्या मोटारीचा तुंबा आणि तो उतरवण्याचे हत्यार

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांना चाकाची रचना नव्याने सांगावी लागत नाही, कारण बैलगाडीच्या चाकाचे तुंबा, आरे आणि धाव हे भाग त्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. तुंबा म्हणजे चाकाच्या मध्यभागी असलेला, आसाला पोटात घेणारा आणि आऱ्यांना आधार देणारा जाड भाग. मोटारीच्या बाबतीत त्यालाच हब म्हणतात. बैलगाडीचा तुंबा आसावर सैल फिरतो, तो निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ घातलेली असते, आणि ती खीळ काढली की वंगण घालण्यासाठी चाक हाताने बाहेर ओढता येते. जुन्या काळच्या अनेक मोटारींचा मागचा हब मात्र बाहेरचा नट पूर्ण काढल्यानंतरही तसूभर हलत नाही. तो का हलत नाही हे कळले, तरच तो कोणत्या हत्याराने काढावा हे ठरवता येते.

बैलगाडी बैल ओढतात, म्हणून तिचे चाक नुसते गडगडत जाते. मोटारीत मात्र इंजिनाचे बळ धुऱ्यातून, म्हणजे अ‍ॅक्सलमधून, चाकाकडे येते आणि धुरा फिरला की चाकालाही त्याच्याबरोबर फिरावेच लागते. त्यासाठी जुन्या कारखानदारांनी धुऱ्याचे टोक गाजरासारखे निमुळते केले, हबचे भोक आतून तितकेच निमुळते कोरले आणि बाहेरून नट आवळून दोन्ही एकमेकांत घट्ट रुतवले. या निमुळत्या बैठकीला कारागीर ‘टेपर’ म्हणतात. धुरा आणि हब यांना समोरासमोर खाचा पाडून त्यांत पोलादाचा एक लहान तुकडा बसवलेला असतो, त्याला ‘चावी’ म्हणतात. सारा भार चावीच पेलते असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात भार मुख्यतः टेपरच्या दोन पृष्ठभागांतील घर्षणावर असतो आणि चावी फक्त जोडीला असते. लाकूड फोडताना ओंडक्यात घट्ट बसलेली पाचर जशी सहज निघत नाही, तसाच टेपरवर रुतलेला हब गंज आणि वर्षानुवर्षांचा दाब यांमुळे धुऱ्याशी जणू एकजीव होतो.

या भागातील मोटारवाहतुकीचा इतिहास निजामी राजवटीपर्यंत मागे जातो. १५ जून १९३२ रोजी निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्यांनिशी हैदराबाद संस्थानात प्रवासी वाहतूक सुरू केली, तेव्हा आजचा हिंगोली जिल्हाही त्याच संस्थानात होता. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, आणि पुढे महिंद्र उद्योगाने मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्यानंतर ही गाडी शेतरस्त्यांवर, सरकारी दौऱ्यांत आणि निवडणुकीच्या प्रचारात सर्वत्र दिसू लागली. त्यामुळे ग्रामीण मराठवाड्यात जुन्या गाडीचा हब काढण्याचा प्रश्न बहुधा जीपच्या निमित्ताने येतो, तर संग्राहकांकडे तो फोर्डच्या मॉडेल टी (१९०८ ते १९२७) किंवा त्यानंतरच्या मॉडेल ए अशा गाड्यांमुळे येतो.

हत्यार हाती घेण्यापूर्वी समोरचा हब कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे लागते. पुढचे हब बहुतेक वेळा बेअरिंगवर सैल फिरतात, म्हणून नट आणि वॉशर काढले की ते पुलरशिवाय, म्हणजे हब ओढून काढणाऱ्या हत्याराशिवाय, हातात येतात. मात्र मॉडेल टीच्या पुढच्या डाव्या आसावर उलटे आटे आहेत, हे ठाऊक नसलेला माणूस तो नट सोडवण्याऐवजी आवळत बसतो. महायुद्धातील विलिस एमबी जीपच्या मागच्या धुऱ्यावर गाडीचे वजन पडत नाही, ते बाहेरची नळी पेलते. अशा रचनेत धुऱ्याची पसरट कड धरणारे बोल्ट काढून धुरा बाहेर ओढतात आणि मग आतले दोन मोठे नट खोल बॉक्स पान्याने सोडवतात, त्यामुळे तेथेही पुलरचे काम नसते. सीजे-३बी या नंतरच्या जीपच्या आणि फोर्डच्या उल्लेखलेल्या दोन्ही मॉडेलांच्या मागच्या हबमध्ये मात्र टेपर आणि चावी असते, आणि खरी अडचण तेथे उभी राहते.

या कामासाठी चार प्रकारची साधने वापरली जातात. पहिले साधन म्हणजे धुऱ्याच्या आट्यांवर चढवायचा जाड, टोपीसारखा नट, ज्याच्यावर घणाचा घाव घालून हब सुटण्याची वाट पाहिली जाते. ते स्वस्त आणि झटपट असले, तरी प्रत्येक घाव धुऱ्यातून थेट आतल्या बेअरिंगपर्यंत आणि डिफरन्शियलपर्यंत पोहोचतो, बेअरिंगच्या गुळगुळीत कड्यांवर खळगे पडतात आणि धुऱ्याचे टोक फुगण्याचीही भीती राहते. दुसरे साधन कोणत्याही गॅरेजमध्ये टांगलेला तीन पायांचा पुलर हे होय; बेअरिंग किंवा पुली काढण्यासाठी तो उत्तम आहे, पण येथे त्याचे पाय ब्रेकड्रमच्या कडेला अडकवावे लागतात, आणि मधला भाग जागचा हलत नसताना कड ओढली गेली की ड्रम वाकतो किंवा तडकतो. तिसरे साधन हबच्याच अंगाला धरणारे असते: मॉडेल टीच्या हबवर टोपी बसवण्यासाठी जे बाहेरचे आटे असतात त्यांवर ते फिरवून चढवतात, तर मॉडेल एच्या हबला त्याचे दोन भाग वेढून आवळतात. चौथे साधन म्हणजे चाकाच्या स्टडवर, म्हणजे चाक धरणाऱ्या आट्यांच्या खिळ्यांवर, नटांनी बसवायची जाड पट्टी, जिच्या मध्यभागातून जाणारा मोठा स्क्रू धुऱ्याच्या टोकावर दाबतो. जीपसाठी हेच साधन सर्वांत योग्य ठरते.

या चारही साधनांचा कस एकाच प्रश्नावर लागतो, तो म्हणजे बळ नेमके कोठे लागते. जे साधन हबच्या जाड, मध्यवर्ती भागाला सर्व बाजूंनी सारखे धरते आणि धुऱ्याच्या अगदी मध्यावर सरळ रेषेत दाबते ते निवडावे. जे कडेला धरते किंवा ठोका देते ते टाळावे. स्क्रूचे बळ किती मोठे असते हे साध्या हिशेबातून कळते. दर फेऱ्याला २ मिलिमीटर सरकणारा स्क्रू ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याने फिरवला, तर एका फेऱ्यात हात सुमारे १,८८५ मिलिमीटर अंतर जातो, म्हणजे घर्षण नसते तर हाताचे बळ सुमारे ९४० पट झाले असते. घर्षणात त्याचा मोठा हिस्सा खर्ची पडला आणि सातवा भाग जरी उरला, तरी हाताच्या २० किलोच्या जोरातून अडीच टनांच्या वर ओढ निर्माण होते. एवढे बळ ठोक्याविना, हळूहळू आणि हवे तेथे लावता येते, यातच स्क्रूच्या पुलरचे मोल आहे.

हेच बळ निष्काळजीपणाने वापरल्यास घातक ठरते. चाकांना ओट लावून गाडी भक्कम घोडीवर उचलावी, नट अडवून ठेवणारी स्प्लिट पिन काढावी आणि धुऱ्याचा नट सैल करावा, पण तो पूर्ण काढून बाजूला ठेवू नये. दोन-तीन आटे मागे फिरवून तो तसाच राहू दिला, तर टेपर सुटताना हब उसळून अंगावर येत नाही आणि धुऱ्याचे आटेही वाचतात. ब्रेक पूर्ण सैल असावेत, कारण ब्रेकचे पट्टे ड्रमला आतून धरून बसले असतील तर पुलरशी लढण्यात अर्थ नसतो. त्यानंतर गंज सोडवणारे पातळ तेल जिरू द्यावे, स्क्रू घट्ट आवळावा, त्याच्या डोक्यावर हातोडीची बेताची ठोक द्यावी, पुन्हा थोडे आवळावे आणि तरीही हब न सुटल्यास तो ताण रात्रभर तसाच ठेवावा. अनेकदा बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन हब आपोआप सुटतो, म्हणून ताण दिलेल्या चाकासमोर कोणीही उभे राहू नये.

उष्णतेचा उपायही जाणून घेण्यासारखा आहे. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ती गोवऱ्यांच्या आगीत लाल करतो, फुगलेली धाव लाकडावर बसवतो आणि पाणी ओतताच ती आक्रसून चाकाला आवळते. हब सोडवताना हीच क्रिया उलट्या हेतूने करायची असते: हब तापून फुगावा आणि धुरा थंड राहावा. मात्र ३० मिलिमीटर व्यासाचे पोलादी भोक १०० अंश सेल्सिअसने तापवले, तरी ते जेमतेम ०.०३६ मिलिमीटर मोठे होते, त्यामुळे उष्णता पुलरची जागा घेऊ शकत नाही, फक्त त्याला साथ देते. ज्या हबमध्ये लाकडी आरे बसलेले आहेत, किंवा ज्याच्या शेजारी तेलाचे सील आणि ग्रीस आहे, तेथे ज्योत नेऊच नये.

अशी साधने तालुक्याच्या बाजारात तयार मिळतीलच असे नाही, पण लेथ आणि वेल्डिंगची सोय असलेल्या वर्कशॉपमध्ये स्टडवर बसणारी पट्टी बनवून घेता येते. सीजे-३बी आणि मॉडेल ए या दोन्हींच्या चाकाला पाच स्टड असून ते ५.५ इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर, व्यासाच्या वर्तुळावर असतात, त्यामुळे एकाच मापाची छिद्रे दोन्हींना जुळतात. मॉडेल एसाठी मात्र हबला वेढणारा पुलरच प्रथम पसंतीचा मानावा. पट्टी वाकणार नाही इतकी जाड असावी आणि स्क्रू कणखर पोलादाचा असावा, कारण मऊ लोखंडाचे आटे अशा ताणाखाली झिजून निघतात. विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडवर उलटे आटे असतात, हे पट्टी बसवतानाही ध्यानात ठेवावे लागते.

हब उतरल्यानंतर टेपरचे दोन्ही पृष्ठभाग, चावी आणि तिची खाच नीट तपासावी. झिजलेली चावी बदलावी, टेपर स्वच्छ पुसून कोरडा ठेवावा आणि त्यावर ग्रीस लावू नये, कारण ज्या घर्षणावर हब उभा आहे तेच ग्रीसमुळे कमी होते. मग नट पुरेसा आवळावा. सीजे-३बीसाठी किमान १५० फूट-पाउंड, म्हणजे एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ६८ किलोंचा जोर, लागतो. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट मागे न फिरवता पुढच्या खाचेपर्यंत आवळावा.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ दर्जा आणि ‘व्हीए’ अक्षरांचा नोंदणी क्रमांक देण्याची तरतूद केली, आणि त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे अशी अट घातली. मूळ ड्रम तडकला किंवा धुऱ्याचे टोक चेपले, तर ते पुन्हा मिळवणे कठीण आणि महाग असते. योग्य पुलर निवडण्यात गेलेला एखादा दिवस आणि ताण देऊन वाट पाहण्यात गेलेली एखादी रात्र म्हणजे त्या गाडीच्या पुढच्या आयुष्याची तजवीज असते.