नव्या धंद्याचा पहिला पैसा

नागपूरला गांधीसागर तलाव आहे. जुने लोक त्याला जुम्मा तलाव म्हणत. दीडशे वर्षांपूर्वी त्याच्या बाजूला दलदल होती. ती जागा जमशेटजी टाटा यांनी कापडाच्या गिरणीसाठी घेतली. दलदल बुजवायला मातीचे ढीगच्या ढीग लागले.

गिरणीसाठी 1874 साली कंपनी निघाली. भांडवल ठरले 15 लाख रुपये. गावातल्या एका सावकाराकडेही मदत मागितली. तो म्हणाला, "हा माणूस सोने मातीत घालतो आहे. मी नाही पैसा देणार!" 1 जानेवारी 1877 ला गिरणी सुरू झाली. तीच एम्प्रेस मिल. ती भरभराटीला आली, तेव्हा तोच सावकार म्हणाला म्हणे, "टाटांनी माती घातली आणि सोने काढले."

ती गिरणी आता बंद आहे. पण त्या सावकाराला आम्ही वेडा म्हणणार नाही. कर्ज देणाऱ्याला ठरलेले व्याजच मिळते. धंदा दसपट झाला तरी जास्त नाही, अन् बुडाला तर मुद्दलही जाते. म्हणून तो आधी तारण बघतो. हिस्सेदाराचे तसे नसते. धंदा बुडाला तर त्याचाही पैसा बुडतो, वाढला तर तो नफ्यात वाटेकरी होतो.

आता समजा, काटोलकडच्या एका मुलीने संत्री निवडायचे नवे यंत्र बनवले. एक यंत्र चालते. दहा करायला पैसा नाही. तिने कुठे जावे?

बँकेत मुद्रा कर्ज मिळते. ही योजना 2015 साली सुरू झाली. पहिली पायरी शिशु, 50 हजार रुपयांपर्यंत. तारण लागत नाही. पण कर्ज ते कर्जच. यंत्र विकले नाही तरी हप्ता चुकत नाही. आणि बघा, या कर्जाला सरकारने दलाल नेमलेले नाहीत. "दोन हजार द्या, मंजूर करून आणतो," म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

दुसरी वाट इन्क्युबेटरची. कोंबडी अंड्यांना ऊब देते ना, तसेच हे. नव्या धंद्याला सल्ला, ओळखी, हिशेबाची शिकवण मिळते. नागपूरच्या आयआयएमने असे केंद्र काढले आहे. 2021 साली केंद्र सरकारने अशा केंद्रांमार्फत बीज निधी देणे सुरू केले. नमुना करून पाहायला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले होते. अनुदान फेडायचे नसते. हिशेब मात्र द्यावा लागतो.

तिसरी वाट अ‍ॅक्सिलरेटरची, म्हणजे धंद्याला वेग देणाऱ्यांची. अमेरिकेत वाय कॉम्बिनेटर 2005 पासून हे काम करते. तीन महिने शिकवते. सव्वा लाख डॉलर देऊन कंपनीच्या शंभर हिश्शांतले सात घेते. हप्ता नाही, व्याज नाही. पण घरात वाटेकरी आला. हिस्सा तेवढाच राहिला आणि कंपनी दहा कोटींची झाली, तर त्यातले सत्तर लाख त्याचे.

यंत्राला गिऱ्हाईक मिळेल की नाही हेच ठाऊक नसेल, तर त्या मुलीने कर्ज काढू नये असे आम्हाला वाटते. आधी केंद्रात जाऊन विचारावे. गिऱ्हाईक ठरले असेल तर कर्ज बरे. हिस्सा जात नाही. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतात. हातात पैसा येईल तो तेव्हा. हप्ता त्या महिन्यांत ठेवता येईल का, हे तिने बँकेत पहिल्याच दिवशी विचारावे.