तळाचा ठाव

खोल पाण्याची जहाजाला भीती नसते. भीती असते ती उथळ पाण्याची, आणि त्यातही उथळ असून तसं न दिसणाऱ्या पाण्याची. पारनेर तालुक्यातल्या माझ्या गावात हे सांगितलं की ऐकणाऱ्याला नवल वाटतं, कारण पाणी खोल जाणं हेच आमच्याकडचं संकट. पण माझी सगळी नोकरी नौदलाच्या सर्वेक्षण जहाजांवर गेली. समुद्राचा तळ मोजायचा आणि तो आकड्यांनी नकाशावर उतरवायचा, हेच काम. आता गावी राहतो, पण सागरी नकाशा समोर आला की माझी नजर आधी जाते ती आकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागांकडे.

कोकणचा किनारा गलबतांना बऱ्यापैकी सांभाळून घेतो. हवा स्वच्छ असली तर सह्याद्रीची रांग दुरून दिसते, आणि किनाऱ्याकडे येताना तळ हळूहळू वर चढत असल्यामुळे मापाची दोरी वेळेवर सावध करते. मालवणसमोर पाण्यात खडप पेरल्यासारखे आहेत खरे, पण तिथल्या तांडेलांना ते पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत. लक्षद्वीप, मालदीव आणि त्यांच्या दक्षिणेचा चागोस द्वीपसमूह इथे यातलं काहीच उपयोगी पडत नाही. प्रवाळाचं बेट पाण्यावर जेमतेम दोन-तीन मीटर असतं. नारळीचे शेंडे धरले तरी दहा-बारा सागरी मैलांपलीकडून ते दिसत नाही. ज्या प्रवाळ खडकावर अजून बेटच तयार झालेलं नाही, तो भरतीला पूर्ण झाकला जातो. त्याची बाहेरची बाजू कड्यासारखी सरळ खाली गेलेली असते. त्यामुळे दोरी टाकावी तर तळ लागत नाही, आणि पुन्हा टाकायच्या आत जहाज खडकावर चढलेलं असतं.

शिडाच्या जहाजाला ब्रेक नाही आणि उलटा गिअरही नाही. वारा पडला तर प्रवाह नेईल तिकडे जायचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत समुद्रावर रेखांश नेमका काढण्याची सोयही नव्हती. आपण उत्तरेला किती आहोत हे सूर्यावरून कळे. पूर्व-पश्चिमेचा मात्र अंदाज, आणि तो शंभर-शंभर मैलांनी चुके. म्हणून प्रवाळाच्या मुलखात एक माणूस डोलकाठीच्या टोकावर चढून पाण्याचा रंग वाचत बसे. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे वाळूवरचं उथळ, आणि तपकिरी डाग दिसला की प्रवाळ अगदी वर आलेला. हे वाचन जमतं ते सूर्य डोक्यावर आणि पाठीशी असताना. समोरून ऊन आलं की पाणी नुसतं चकाकतं आणि सगळे रंग पुसले जातात. म्हणून तिन्हीसांजेला अनोळखी बेटांमध्ये शिरायचं नाही, हा सगळ्याच खलाशांचा नियम.

ही विद्या पुस्तकात आली त्यामागे एक अपघात आहे. १७८६ साली ‘ॲटलस’ नावाचं जहाज चागोसमधल्या डिएगो गार्सियाच्या खडकावर फुटलं. नकाशा चुकीचा होता. त्या जहाजावरचा जेम्स हॉर्सबर्ग हा तरुण अधिकारी वाचला आणि पुढे आयुष्यभर त्याने एकच काम केलं: हिंदी महासागरातली खोली, प्रवाह, वारे यांच्या नोंदी गोळा करायच्या आणि तपासायच्या. त्याचा मार्गदर्शक ग्रंथ १८०९ पासून छापून निघाला. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपला जलसर्वेक्षक नेमलं.

त्या काळी तळ मोजायचं साधन म्हणजे दोरीला बांधलेलं तीन ते सहा किलोचं शिसं. आमच्याकडे विहिरीची खोली परसात सांगतात, म्हणजे हात वर करून उभ्या माणसाच्या उंचीत. दर्यावर ती वावात सांगतात, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या लांबीत. इंग्रजांचा फॅदमही तेवढाच, सहा फुटांचा. दोरीवर ठरावीक वावांना खुणा बांधलेल्या असत: दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं सुती कापड, सातवर लाल कापड, दहावर भोक पाडलेलं चामडं. प्रत्येक खुणेचा पोत वेगळा, कारण रात्री अंधारात त्या बोटांनी ओळखाव्या लागत. शिशाच्या बुडाशी एक खळगा असे. त्यात चरबी भरत. वर ओढल्यावर त्या चरबीला वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा किंवा प्रवाळाचा तुकडा चिकटून येई. काहीच न चिकटता नुसता ओरखडा आला, तर खाली कातळ. एका फेकीत खोली आणि तळाची जात, दोन्ही कळत.

पण खोली मोजली, ती कुठे मोजली? त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात आम्ही सेक्स्टंटने ते काम करायचो. किनाऱ्यावर तीन खुणा निवडायच्या: दीपस्तंभ, देवळाचा कळस, बांबूवर लावलेला झेंडा. नावेतून पहिल्या-दुसऱ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या खुणेतले कोन एकाच क्षणी घ्यायचे. खुणा नीट निवडल्या असतील तर हे दोन्ही कोन जुळतील अशी एकच जागा नकाशावर निघते. त्या जागी खोली लिहायची, तीही भरती-ओहोटीचा हिशेब करून, अगदी नीच ओहोटीला किती पाणी उरेल तेवढीच. मग नाव थोडी पुढे घ्यायची, आणि पुन्हा तेच.

मुंबईच्या आरमारातल्या कॅप्टन रॉबर्ट मोर्सबीने हेच काम अफाट पसाऱ्यावर केलं. १८२९ पासून त्याने ‘पॅलिन्युरस’ जहाजावरून तांबड्या समुद्रातले प्रवाळ खडक मोजले. मुंबई–सुएझ आगबोटीसाठी ती वाट हवी होती. ‘ह्यू लिंडसे’ ही बोट १८३० मध्ये मुंबईहून सुएझला गेलीही. १८३४ ते १८३६ मध्ये मालदीव झालं, त्यानंतर चागोस. मालदीवमध्ये बेटं हजारावर, आणि आजूबाजूला मोजमापाला धरायला एकही डोंगर नाही. माणसं तापाने आजारी पडत होती, तरी काम पुरं झालं. ते नकाशे पुढे शंभराहून जास्त वर्षं जहाजांच्या कामी आले.

चार्ल्स डार्विन मालदीवला कधी गेला नाही, पण १८४२ च्या प्रवाळावरच्या ग्रंथात त्याने मोर्सबीच्या मोजणीचा आधार घेतला. त्याचं म्हणणं असं: ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, त्याच्या काठावरचं प्रवाळ उजेडासाठी वर वाढत राहतं, आणि शेवटी डोंगर बुडून प्रवाळाचं कंकण तेवढं उरतं. या गोष्टीला नगरकरांनी तर कान द्यायलाच हवा. आपल्या अकोल्यातला हरिश्चंद्रगड आणि १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई ज्या काळ्या कातळाचं आहे, तो कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्थानाशी भूवैज्ञानिक त्याचं नातं जोडतात, त्याच्यावरून भारताचा भूभाग उत्तरेला सरकला आणि मागे बुडालेल्या ज्वालामुखींची रांग राहिली. मालदीवखालचा लाव्हा सुमारे ५.७ कोटी वर्षांचा, चागोसखालचा ४.९ कोटींचा. आज ते स्थान रियुनियन बेटाखाली धगधगतं आहे. म्हणजे जहाजं फोडणारं ते प्रवाळ उभं आहे ते आपल्याच डोंगरांच्या भावंडांवर.

नकाशाच्या कामातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. खडक नकाशावर आणणं सोपं असतं. एखाद्या कप्तानाने ‘इथे पाणी फुटताना पाहिलं’ असं कळवलं तरी खूण होते, शेजारी ‘अस्तित्व शंकास्पद’ अशी नोंद होते. ती खूण काढणं मात्र महाकठीण. तिथे खडक नाही हे सिद्ध करायला सगळा परिसर इंचन्‌इंच तपासावा लागतो. ही सावधगिरी उगाच आलेली नाही. असलेला खडक गाळला तर माणसं मरतात. नसलेला दाखवला तर फार तर वळसा पडतो.

आज आमच्या नव्या जहाजांवर ध्वनीच्या लहरी पंख्यासारख्या पसरून तळाचा अख्खा पट्टा एकदम मोजतात. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. जाऊन परतायला दशांश सेकंद लागला तर खोली ७५ मीटर. देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय त्या मोजणीतून नकाशे तयार करतं. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘आयएनएस संधायक’ हे नवं सर्वेक्षण जहाज नौदलात दाखल झालं. तरीही जगातल्या कित्येक प्रवाळ भागांचे आकडे अजून दोरी-शिशाच्या काळातलेच आहेत. जुन्या मोजणीत दोन फेकींच्या मध्ये एखादा सुळका सहज सुटू शकतो.

आणि आकडा असून भागत नाही, तो बघावाही लागतो. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्व्हो ओशन रेसमधली ‘टीम वेस्टास विंड’ ही शर्यतीची शिडाची नौका मॉरिशसच्या उत्तरेला, कार्गाडोस काराजोस या प्रवाळ खडकांवर रात्री आदळली. उपग्रह होते, संगणक होता, खडक माहितीचा होता. पण पडद्यावरचा नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला नव्हता, आणि लहान प्रमाणावर तो खडक दिसतच नव्हता. नऊही जण वाचले, हे सुदैव.

नगर जिल्ह्यातली मुलं सैन्यात जातात, आता नौदलातही जाऊ लागली आहेत. माझ्याकडे कुणी विचारायला आलं की मी नकाशा उलगडतो आणि सांगतो, आधी कोपऱ्यातली ती लहान चौकट वाच: मोजणी कोणत्या साली झाली, कशाने झाली, किती दाट झाली. त्यानंतर आकडे बघ. जिथे आकडा नाही तिथे पाणी खोल आहे असं कुणीही सांगितलेलं नाही. तिथे कुणी गेलेलं नाही, एवढंच त्याने कळतं. ती जागा भरायला माणसं लागतात, आणि ते काम आयुष्य द्यावं असं आहे.