कळ ओसरेपर्यंत

“ताई, उशी पोटाशी धरा. हनुवटी छातीला लावा. पाठ मांजरासारखी बाहेर काढा.” पलंगाच्या कडेला बसलेल्या बाईचे खांदे सिस्टर धरून ठेवते. कळ चढू लागली की भूलतज्ज्ञांचा हात थांबतो. ती ओसरली की बोटं पुन्हा कमरेच्या मणक्यांमधली फट चाचपतात.

आधी कातडी बधिर होते, मग सुई आत जाते. सुईला जोडलेल्या सिरिंजमधलं सलाइन चिवट पडद्याशी अडतं आणि पडदा पार होताच दांडा एकदम सैल सरकतो. योग्य जागा सापडल्याची खूण अंगठ्याला कळते ती अशी. तिथे बारीक नळी सरकवून सुई काढून घेतात. नळी रक्तवाहिनीत किंवा मणक्यातल्या पाण्यात गेलेली नाही ना, हे थोडंसं औषध देऊन तपासतात आणि मगच पुढचा डोस. पंधरा-वीस मिनिटांत कळेचा ताण तेवढा जाणवतो, वेदना मंदावते. मात्रा सौम्य असली तर पाय हलवता येतात, जोरही लावता येतो.

यालाच एपिड्युरल म्हणतात. आईचा रक्तदाब खाली येऊ शकतो, म्हणून तो दर काही मिनिटांनी मोजायचा. बाळाचे ठोकेही ऐकत राहायचे. प्लेटलेट फार कमी असतील तर ही सुई टाळावी लागते.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, जिल्ह्यातून तसेच सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. मराठीत ‘कळ’, कन्नडमध्ये ‘नोवु’, तेलुगूत ‘नोप्पि’. या शहरात संमती घ्यायची तर तिन्ही शब्द कानावर असावे लागतात.

प्रसूतीत ईथर आणि क्लोरोफॉर्म वापरण्याची सुरुवात एडिंबरामध्ये जेम्स सिम्पसन यांनी १८४७ साली केली. १८५३ साली जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला क्लोरोफॉर्म दिला. राणीला मिळालेला आराम विडी वळणाऱ्या बाईला का मिळू नये? जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८च्या मार्गदर्शनात, वेदनाशमन मागणाऱ्या निरोगी बाईला एपिड्युरल देण्याची शिफारस केली आहे.

घरोघरी मात्र दोन भीती आहेत: सिझर होईल आणि पाठ जन्मभर दुखेल. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात यातल्या कशालाही आधार मिळाला नाही.

खरी अडचण माणसांची आहे. रात्री एकच भूलतज्ज्ञ असेल आणि तातडीचं सिझर निघालं, तर त्याला तिकडेच धावावं लागतं. तालुक्याच्या गावी तर हे मनुष्यबळ आणखी विरळ. भूलतज्ज्ञांची पदं भरणं आणि लेबर रूमसाठी वेगळी पाळी लावणं, याला पर्याय नाही.

तोवर हात बांधून बसायचंही कारण नाही. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मे-निम्मे असलेला वायू बाई स्वतःच मास्क धरून घेऊ शकते. गुंगी आली की हात आपोआप खाली येतो. कमरेवर शेक आणि मालीश, थोडं चालणं, हेही उपयोगी पडतं. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ घरची बाई थांबू देण्याचा निर्णय केंद्राने २०१६मध्ये घेतला. आई किंवा नणंद कंबर चोळत असली की कळ सोसायला बळ येतं.

पलंगावरच्या बाईचा आता डोळा लागला आहे. मॉनिटरच्या कागदावर रेषा डोंगरासारखी चढते, उतरते. तिला जाग आल्यावर सिस्टर तो कागद दाखवते: “ही बघा, एवढी मोठी कळ येऊन गेली.”