संमेलनाला कविता पाठवताना

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे स्थळ आणि तारखा जाहीर झाल्या की चर्चा सुरू होते ती अध्यक्षांची. छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-हडकोत किंवा कन्नड, सिल्लोड, पैठणच्या शाळा-महाविद्यालयांत नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांचे लक्ष मात्र आतल्या पानावरच्या चार-सहा ओळींच्या बातमीकडे असते. कविकट्ट्यासाठी कविता मागवल्या जात आहेत, अमुक तारखेपर्यंत अमुक पत्त्यावर पाठवाव्यात, एवढाच तिचा मजकूर. ज्याचे एकही पुस्तक निघालेले नाही, ज्याला कुठल्या संस्थेने कधी बोलावलेले नाही, अशा माणसासाठी संमेलनाच्या आवारात शिरण्याचा हा सर्वांत सरळ रस्ता आहे.

कविकट्टा मुख्य मंडपापासून थोडा बाजूला भरतो. तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत, संमेलनाचे सगळे दिवस, एकामागून एक कवी येतात आणि आपली एक कविता वाचून जातात. अलीकडे त्याच्या जोडीला गझलकट्टाही असतो. प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. प्रवासाचा खर्च बहुधा ज्याचा त्यानेच करायचा असतो. तरीही लोक रात्रीच्या एसटीने निघतात, शाळेतून रजा टाकतात, घरच्यांनाही बरोबर नेतात. आपली ओळ अनोळखी माणसांपुढे म्हणून पाहण्याची ओढ खरी असते, आणि तिला हसण्याचे काहीच कारण नाही.

अर्ज म्हणून जे पाठवायचे असते ते थोडके आहे. एक स्वरचित कविता, पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, चार ओळींचा परिचय आणि कविता आपलीच असल्याची हमी. एवढ्यातही गफलती होतात. सर्वांत जास्त घोळ होतो तो टंकलेखनाचा. गल्लीतल्या डीटीपीच्या दुकानातून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकून घेतलेली कविता समोरच्या संगणकावर उघडली की तिथे देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरे, कंस आणि चौकटी यांची रांग दिसते. शेकडो कविता चाळणारा कार्यकर्ता ती दुरुस्त करत बसेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. युनिकोडमध्ये टंकणे आता कोणत्याही मोबाइलवर जमते. वहीच्या पानाचा तिरका, सावली पडलेला फोटो पाठवण्यापेक्षा तेवढे कष्ट घेतलेले बरे.

कविता कोणती निवडायची, हा याहून अवघड भाग. बहुतेकांचा हात सर्वांत लांब किंवा सर्वांत 'सामाजिक' कवितेकडे जातो. ऐकणारा माणूस त्या दिवशी आधीच कित्येक कविता ऐकून बसलेला असतो, हे लक्षात घ्यायला हवे. वीस-बावीस ओळींची कविता मोठ्याने, सावकाश वाचायला दीड-दोन मिनिटे लागतात. घड्याळ लावून घरी दोनदा वाचून पाहिली तर कुठे जीभ अडते आणि कुठले कडवे नसते तरी चालले असते, ते आपोआप कळते. कविता सुचली कशी हे सांगण्यात निम्मा वेळ घालवणारे कवी प्रत्येक कट्ट्यावर भेटतात. त्या निवेदनाला कात्री लावली की कवितेला श्वास मिळतो. परिचयाचेही तसेच आहे. पुरस्कारांची यादी वाचायला सूत्रसंचालकाला वेळ नसतो. गाव, काम आणि लेखन कुठे प्रसिद्ध झाले असेल तर त्याचा उल्लेख, इतके पुरते.

संमेलनात शिरण्याच्या आणखी दोन वाटा आहेत. एक प्रतिनिधी म्हणून नावनोंदणी करण्याची. शुल्क भरले की निवास-भोजनाची सोय होते आणि तीन-चार दिवस निवांत ऐकता-पाहता येते. दुसरी वाट निमंत्रितांच्या कविसंमेलनाची. तिथे अर्ज करून पोहोचता येत नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाच्या घटक संस्था त्यासाठी नावे सुचवतात. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ आणि आपल्याकडची मराठवाडा साहित्य परिषद या चार प्रमुख घटक संस्था. संभाजीनगरच्या लेखकासाठी परिषदेचे नांदापूरकर सभागृह हे त्यामुळे भाषणे ऐकण्यापुरते ठिकाण राहत नाही. परिषदेच्या 'प्रतिष्ठान' या नियतकालिकात लिहिणारा, तिथल्या कार्यक्रमांना येणारा माणूस हळूहळू माहितीचा होतो. ओळखीपाळखीचा आरोप या यादीवर दरवर्षी होतो. तो दरवेळी खोटाच असतो असे कुणी म्हणणार नाही, पण कधीच कुठे न छापलेल्या लेखकाचे नाव यादी करणाऱ्याला सुचावे तरी कसे, हा प्रश्नही उरतोच.

संभाजीनगरने अखिल भारतीय संमेलन दोनदा अनुभवले आहे. १९५७ मध्ये अनंत काणेकर अध्यक्ष होते, २००४ मध्ये रा. ग. जाधव. वर्धा येथे २०२३ साली भरलेल्या शहाण्णवाव्या संमेलनाचे अध्यक्षपद याच शहरातले निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर यांच्याकडे होते.

लेखकांना एकत्र बोलावण्याची मराठीतली सुरुवातही एका जाहीर आवाहनानेच झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांनी फेब्रुवारी १८७८ मध्ये 'ज्ञानप्रकाश'मधून ग्रंथकारांना हाक दिली आणि ११ मे १८७८ रोजी पुण्याच्या हिराबागेत पहिले ग्रंथकार संमेलन भरले. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे आमंत्रण महात्मा जोतीराव फुल्यांनाही गेले होते. फुल्यांनी पत्र पाठवून ते नाकारले. सर्व माणसांचे हक्क जे मनापासून मानत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असे त्या पत्राचे सार आहे. सभेत कुणाला जागा मिळते आणि कुणाचे जगणे तिथे साहित्य म्हणून मोजले जाते, हा प्रश्न मराठीत इतका जुना आहे.

त्याचे एक ठोस उत्तर पुढे याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, घडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. महाविद्यालयाच्या नागसेनवन या परिसरात प्राचार्य म. ना. वानखेडे आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने १९६७-६८ च्या सुमारास आधी 'अस्मिता' आणि मग 'अस्मितादर्श' हे नियतकालिक उभे राहिले. खेड्यातून, वस्तीतून आलेल्या, घरातल्या पहिल्याच शिकलेल्या पिढीच्या मुलामुलींचे लेखन त्याने छापले. पानतावणे निव्वळ अंक काढून थांबले नाहीत. त्यांनी लेखक-वाचक मेळावे भरवले. मोठी नावे आणि नुकती लेखणी धरलेली मुले तिथे एका छताखाली आली, आणि जे लिहिले त्यावर वाचकही बोलले. 'अस्मितादर्श'ची धुरा पुढची अनेक दशके त्यांनीच वाहिली. २००९ मध्ये अमेरिकेत सॅन होजे येथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले.

पानतावण्यांचे काम आणि कविकट्टा यांत एक मूलभूत फरक आहे, आणि अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने तो ओळखायला हवा. कट्ट्यावर कविता ऐकली जाते. संपादकाच्या टेबलावर ती वाचली जाते, तिच्यावर खुणा होतात, ती परत येते, पुन्हा लिहिली जाते. मराठीत ऐकवण्याच्या जागा विपुल आहेत. जिल्हा, तालुका, जात, व्यवसाय, विचारसरणी अशा प्रत्येक निमित्ताने संमेलने भरतात. वाचून घेण्याच्या जागा मात्र शोधाव्या लागतात.

परदेशात जिला लेखकांची परिषद म्हणतात, तिचा भर नेमका इथे असतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मिडलबरी कॉलेजच्या डोंगरावरच्या आवारात १९२६ पासून ब्रेड लोफ परिषद भरते. कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांचे नाव तिच्याशी वर्षानुवर्षे जोडलेले होते. तिथे जायचे तर अर्जासोबत हस्तलिखित द्यावे लागते आणि निवड त्यावरच होते. निवडलेल्यांचे छोटे गट पाडतात. एकाचे लेखन बाकीच्यांनी आधीच वाचून आणलेले असते. अशा गटांची जुनी रीत अशी की चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचे. आपल्याला काय म्हणायचे होते ते समजावून सांगायचे नाही, कागदावर जे उतरले तेवढ्यावरच इतर बोलतात. मनाला लागते, पण कुठला परिच्छेद कुणालाच पोहोचला नाही हे एका दुपारी कळून चुकते. तिथले शुल्क मराठी लेखकाच्या खिशाला झेपणारे नाही. शिष्यवृत्त्या असतात, त्यांसाठी स्पर्धाही असते. २०१५ पासून अनुवादकांसाठी ब्रेड लोफने वेगळी परिषद सुरू केली. मराठीतून इंग्रजीत अनुवाद करणाऱ्या तरुणांनी ही वाट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आयोवा विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम मराठी वाचकांना थोडा ओळखीचा आहे, तो दिलीप चित्रे यांच्यामुळे. पॉल एंगल आणि ह्वालिंग नीए यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या कार्यक्रमात चित्रे १९७५ मध्ये गेले होते. जगभरातल्या लेखकांनी काही महिने एका गावात राहावे आणि लिहावे, अशी ही कल्पना. लेखकांची नावे मुख्यतः अमेरिकी दूतावासांकडून सुचवली जात असल्यामुळे नुसता अर्ज भरून तिथे जाता येत नसे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने निधी काढून घेतल्यावर ही वाट आणखी चिंचोळी झाली.

घराजवळ, मराठीतूनच करता येतील असे अर्ज त्यापेक्षा जास्त कामाचे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. हस्तलिखित पाठवायचे, जाणकार ते वाचतात आणि पसंत पडले तर प्रकाशनाला अनुदान मिळते. राष्ट्रीय पुस्तक न्यासामार्फत चालणारी पीएम-युवा योजना ३० वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे. २०२१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा ७५ लेखक निवडले गेले आणि प्रत्येकाला सहा महिने दरमहा ५०,००० रुपये शिष्यवृत्ती देण्यात आली. २०२५ च्या तिसऱ्या फेरीत ५० लेखकांची निवड ठरली. मराठीसह भारतीय भाषांत प्रस्ताव देता येतो, पण कविता-कथा-कादंबरी तिथे चालत नाही. दिलेल्या विषयावरचे ललितेतर पुस्तकच हवे असते. साधारण दहा हजार शब्दांचा प्रस्ताव, त्यात सारांश, प्रकरणांचा आराखडा, नमुन्याची प्रकरणे आणि संदर्भसूची. मोबाइलवर रात्री बसून हे होत नाही, त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात. वेरूळ-अजिंठ्याच्या, पैठणच्या, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या तरुणाला लिहायला विषय मिळत नाहीत, असे तर होणारच नाही.

अशा अर्जाची तयारी कविकट्ट्याच्या तयारीहून वेगळी असते. कट्ट्यासाठी एक कविता तोंडपाठ करता येते. हस्तलिखित पाठवताना पहिली दोन पानेच सगळे ठरवतात, कारण परीक्षकासमोर गठ्ठा असतो. बरेच लेखक चांगला मजकूर तिसऱ्या प्रकरणासाठी राखून ठेवतात आणि सुरुवातीला प्रस्तावना घालतात. ती प्रस्तावना काढून टाकून थेट घटनेपासून सुरुवात केली, तर निम्मे काम झाले. शुद्धलेखन, पानांचे क्रमांक, प्रत्येक पानावर नाव टाकायचे की मुद्दाम टाकायचे नाही, हे सूचनांत लिहिलेले असते. सूचना न वाचल्यामुळे बाद होणारे लेखन पाहिले की हळहळ वाटते. त्यात एखादे खरोखरचे चांगलेही असू शकते, पण ते उघडलेच जात नाही.

नकार आला तर बहुधा कारण कळवले जात नाही. म्हणून अर्जाआधीच कुणी तरी लेखन वाचलेले असणे गरजेचे ठरते, आणि इथे संभाजीनगरला बरेच काही करता येण्यासारखे आहे. मराठवाडा साहित्य परिषदेची वास्तू आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा मराठी विभाग आहे, नागसेनवनाचा वारसा आहे, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेल्या अनुराधा पाटील यांच्यासारख्या कवयित्री याच शहरात लिहीत आल्या आहेत. मोठ्या मंडपाची, मान्यवरांच्या रांगेची, स्मृतिचिन्हांची त्यासाठी गरज नाही. वर्षातून एकदा दोन दिवस, दहा-बारा लिहिणारी माणसे, एक अनुभवी संपादक. शुल्काऐवजी प्रत्येकाने वीस पाने पाठवायची, ती बाकीच्यांनी आधी वाचून, समासात शेरे लिहून आणायची. आवाहन दोन महिने आधी वर्तमानपत्रात द्यायचे, म्हणजे सोयगाव-वैजापूरच्या माणसालाही पाने नीट करून पाठवायला आणि रजा मागायला वेळ मिळेल.