कट्ट्यावरचे नाव आणि आतला तांदूळ



आपल्या गावाची गंमत बघा. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर वडसा आणि नगर परिषदेच्या पाटीवर देसाईगंज. नावे दोन, पण गाव एकच, म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. तांदळाच्या कट्ट्याचे तसे नाही. वर एक नाव आणि आत दुसराच माल निघाला की कुणाचे तरी पैसे बुडतात. कुणाचे आणि किती, हे मुलांना गणितातून छान सांगता येते.

उदाहरण घरचेच घेऊ, एचएमटी तांदूळ. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या निवडून वर्षानुवर्षे वाढवल्या आणि हे बारीक वाण तयार झाले. तेव्हा गाजत असलेल्या घड्याळाचे नाव या तांदळाला मिळाले. दादाजी २०१८ साली गेले, पण त्या तीन अक्षरांवर लोक आजही भाव देतात. ठोकळ तांदळाला तो भाव मिळत नाही. कच्चा तांदूळ शिजवून तर बघता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक नाव वाचून पैसे मोजते.

आता समजा, एका मिलमधून २५ किलोचे ४०० कट्टे, म्हणजे १०० क्विंटल तांदूळ नागपूरला गेला. किलोमागे २ रुपये धरले तर नफा २०,००० रुपये. तिथे कट्टा फोडल्यावर कळले की एचएमटीच्या कट्ट्यात दुसराच तांदूळ भरला गेला आहे. व्यापारी माल परत पाठवतो. भाडे क्विंटलला ६० रुपये धरा. माल परत आणायचे ६,००० आणि बरोबर माल पुन्हा पाठवायचे ६,०००. नवे कट्टे १५ रुपयांप्रमाणे ६,०००. चार वेळा चढ-उतार, दर वेळी कट्ट्याला ५ रुपये हमाली, म्हणजे ८,०००. बेरीज २६,०००. नफा तर गेलाच, वर खिशातून ६,००० गेले! आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, मुलांकडून मात्र गावातले खरे दर विचारून आणायला सांगा.

या बेरजेत दंड धरलेलाच नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार चुकीचे लेबल लावलेले अन्न विकल्यास ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि त्या व्यापाऱ्याने पुढच्या वेळी दुसऱ्या मिलला फोन केला, तर ते नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे? मला तर हेच सगळ्यात मोठे वाटते.

मोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. २०१५ साली मॅगीवरून केवढा गोंधळ झाला, आठवते ना? तपासणीत शिसे जास्त आढळल्याचा अहवाल हे मुख्य कारण होते, पण पाकिटावरचे ‘नो ॲडेड एमएसजी’ हे शब्दही आक्षेपात होते. आम्ही ते वेगळे घालत नाही, असे कंपनीचे म्हणणे. वाचणाऱ्याने मात्र ‘यात ते नाहीच’ असा अर्थ घेतला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला, नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानात आली. तोवर सुमारे ३२० कोटींचा माल नष्ट करण्याची वेळ आली होती.

शेतकरी पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. तांदूळ परत करता येतो, पेरलेले बियाणे नाही. वाण चुकीचे होते हे धान निसवल्यावर कळते, तोवर रोवणीची मजुरी, खत आणि अख्खा हंगाम गेलेला असतो. म्हणून पिशवी, तिच्यावरचा टॅग, पक्की पावती आणि मूठभर बियाणे कापणी होईपर्यंत जपून ठेवा. तक्रार करायची झाली तर दाखवायला हेच लागते. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो.

चूक टाळायला फार मोठी यंत्रे लागतातच असे नाही. बहुतेक वेळा घोळ वाण बदलताना होतो: मशीनमध्ये आधीचे दाणे उरतात, टेबलावर आधीचे स्टिकर पडून असतात. म्हणून वाण बदलले की मशीन साफ करायची आणि जुने स्टिकर आधी उचलायचे. स्टिकर मोजून द्यायचे, उरलेले मोजून परत घ्यायचे. ४०० कट्ट्यांसाठी ४१० दिले आणि १३ उरले, तर तीन कट्टे तरी बिनस्टिकरचे आहेत. लावणारा एक, तपासणारा दुसरा असावा. पहिला आणि शेवटचा कट्टा उघडून बघायचा. प्रत्येक लॉटचा नमुना क्रमांक टाकून ठेवला, तर तक्रार आल्यावर सगळा माल परत आणावा लागत नाही, तेवढाच लॉट शोधता येतो.

वर्गात हे घ्यायचे असेल तर मुलांना घरून रिकामी पाकिटे आणायला सांगा. निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना, कमाल किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि १४ अंकी परवाना क्रमांक शोधू द्या. मग तीन डब्यांत तीन प्रकारचे तांदूळ ठेवा, चिठ्ठ्यांची अदलाबदल करा आणि कोणत्या डब्यावर कोणती चिठ्ठी हवी ते विचारा. आपल्या भागातली मुले बांधीत वाढलेली, ती दाणा हातावर घेऊनच सांगतात.