दोन राऊटर, पत्ता मात्र एकच!

नोव्हेंबर २००२. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातलं बेथ इस्रायल डीकनेस हे मोठं रुग्णालय. तिथलं संगणकांचं जाळं अचानक मंदावलं आणि मग पार ठप्प झालं! तपासण्यांचे निकाल पडद्यावर येईनात, औषधांच्या चिठ्ठ्या संगणकावरून जाईनात. डॉक्टर आणि नर्स कागद-पेन घेऊन बसले. काही दिवस सगळा कारभार असाच चालला.

आता नवल ऐका. तिथं केबल कमी पडली नव्हती. जाळं फार पसरलं होतं आणि त्यातल्या जादा वाटा, म्हणजे एक केबल तुटली तर दुसरी असावी म्हणून ठेवलेल्या वाटा, आवरणारी यंत्रणाच कोलमडली होती.

जादा वाटेनं बिघाड कसा होईल? समजा, दोन स्विच, म्हणजे जाळ्यातल्या संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या पेट्या, दोन केबलींनी जोडले. एका संगणकानं 'सगळ्यांसाठी' म्हणून एक संदेश पाठवला. स्विचचा नियम असा, की असा संदेश ज्या तोंडातून आला ते सोडून बाकी सगळ्या तोंडांतून पुढे ढकलायचा. म्हणजे पहिल्या केबलनं गेलेला संदेश दुसऱ्या केबलनं परत येणार, पुन्हा जाणार, पुन्हा येणार! किती फेऱ्या झाल्या याची नोंद त्या संदेशावर नसतेच, म्हणून तो थांबत नाही. बघता बघता अशा संदेशांचा पूर येतो.

यावर १९८५ मध्ये रेडिया पर्लमन या अमेरिकी संगणकतज्ज्ञ बाईंनी तोड काढली. स्विचनी आपसांत बोलून ठरवायचं, की कुठली केबल चालू ठेवायची आणि कुठली बंद. चालू केबल तुटली, की बंद ठेवलेली उघडायची. या रीतीवर पर्लमनबाईंनी एक छोटी कवितासुद्धा केली आहे! पण या रीतीच्या जुन्या रूपात वाट बदलायला ३० ते ५० सेकंद लागायचे, आणि चांगली धडधाकट केबल एरवी नुसती पडून राहायची.

मग २००० साली केबलींची जुडी बांधायचा नियम ठरला. दोन, चार किंवा आठ केबली एकत्र, आणि स्विचला ती वाटते एकच जाड केबल. फेऱ्यांची भीती नाही आणि सगळ्या केबली कामाला! कोणतं पाकीट, म्हणजे संदेशाचा तुकडा, कोणत्या केबलनं न्यायचं, हे स्विच पाकिटावरच्या पत्त्यांवरून हिशेब करून ठरवतो. एकाच संभाषणाची पाकिटं त्यामुळे एकाच केबलनं जातात आणि त्यांचा क्रम बिघडत नाही. एखादी केबल तुटली, तर तिची पाकिटं उरलेल्या केबली वाहतात.

पण जुडी ज्या स्विचला जोडली, तोच बंद पडला तर? म्हणून मोठ्या जाळ्यांत जुडीतली एक केबल एका स्विचला जोडतात, दुसरी शेजारच्या स्विचला. ते दोघं एकमेकांना सगळी खबर देत राहतात आणि बाहेरच्यांना एकच स्विच असल्यासारखे दिसतात.

आता उरला राऊटर, म्हणजे जाळ्याबाहेर जायचं दार. तुमच्या संगणकाला या दाराचा एकच पत्ता माहीत असतो. राऊटर बंद पडला, तर सगळं अडलं! म्हणून १९९८ साली एक युक्ती नियमात बांधली गेली. बाई वर्गात हाक मारतात, "मॉनिटर, खडू आण!" मॉनिटर गैरहजर असेल, तर उपमॉनिटर उठतो. बाईंना हाक बदलावी लागत नाही. इथंही तसंच. पत्ता राऊटरचा नसतोच, तो पदाचा असतो! मुख्य राऊटर दर सेकंदाला "मी आहे, मी आहे" असा संदेश पाठवतो. तीन-चार सेकंद काहीच ऐकू आलं नाही, की दुसरा तोच पत्ता घेऊन काम सुरू करतो.

दोन स्विचमध्ये वाटलेली जुडी आणि पदाचा पत्ता या दोन्ही युक्त्या एकत्र केल्या, म्हणजे त्या दोन स्विचनाच राऊटरचंही काम दिलं, की एक पेच पडतो. जुडीच्या हिशेबानं पाकीट राखीव राऊटरकडेही जाऊ शकतं, पण पुढे पाठवायचा हक्क तर मुख्य राऊटरचा! मग ते पाकीट शेजारी द्यायचं, म्हणजे उगाच एक हेलपाटा. म्हणून अशा जोड्यांमध्ये बहुधा दोघांनाही परवानगी असते. पाकीट ज्याच्या हाती पडेल, त्यानंच ते पुढे पाठवायचं.

मला यातलं सगळ्यांत थोर वाटतं ते हे. जादा केबल आणि जादा राऊटर विकत मिळतात. कोणी केव्हा काय करायचं हे त्यांनी माणसाला न विचारता, क्षणात आपसांत ठरवावं, यासाठी नियम मात्र कुणाला तरी बसून शोधावे लागतात.

करून पाहा: घरी बहुधा एकच राऊटर असतो. पण आईबाबांच्या किंवा एखाद्या मोठ्या कॉलेजच्या कार्यालयात जाल, तेव्हा तिथल्या नेटवर्क सांभाळणाऱ्या काकांना किंवा मावशींना संगणकातला एआरपी तक्ता, म्हणजे जाळ्यातल्या यंत्रांच्या पत्त्यांची यादी, दाखवायला सांगा. बाहेरच्या दाराचा पत्ता ००-००-५ई-००-०१ असा सुरू होत असेल, तर ओळखा, तो पदाचा पत्ता आहे. मग त्यांना विचारा, "आत्ता मॉनिटर कोण आहे?"