उरेब, मतलई आणि गलबत

नागपुरात गांधीबागेच्या कापड बाजारात गेलात, तर जाड सुती कापडाचा एक तुकडा हातात घ्या. उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा. कापड जागचे हलत नाही. आता कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढा. ते लगेच लांबते. शिंपी या तिरक्या दिशेला उरेब म्हणतात. पोलक्याच्या गळ्याला उरेब पट्टी छान बसते, शिडाचा मात्र उरेब घात करते. वाऱ्याचा ताण तिरका पडला की शीड पोक धरते आणि नावेचा वेग जातो. म्हणून शीड शिवताना धाग्याची दिशा आधी पाहावी लागते.

भारतीय जहाजांची शिडे सुती कापडाची असत. मुंबईच्या डोंगरीचे नाव मिळालेले जाडेभरडे कापडही शिडांना लागे. ‘डंगरी’ हा शब्द त्यातूनच आला. अशा शिडांवर सरखेल कान्होजी आंग्रे यांची गलबते कोकण किनारा राखत. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मुघलांचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले, असा तो काळ. आंग्रे यांचे दस्तक, म्हणजे परवाना, नसलेले जहाज गलबते अडवीत. इंग्रजांनी आंग्रे यांनाच चाचे ठरवले. मराठ्यांच्या लेखी ही अडवणूक म्हणजे आपल्या समुद्रावरचे राज्य होते.

रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने गलबताचे बारकाईने वर्णन केले आहे. मोठ्यात मोठे गलबत सुमारे ७० टनांचे. दोन डोलकाठ्या, मोठीवर एकच भलेमोठे तिकोनी शीड. लहान गलबतांवर वजन वाचवण्यासाठी चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी. ४० ते ५० वल्ही, आणि वल्ह्यांवर वेग ताशी ४ मैल.

वारा बाजूने आला की शिडाच्या फुगीर अंगाला हवेचा दाब कमी होतो, आतल्या अंगाला जास्त राहतो. शीड तिकडे ओढले जाते. पाणी नावेला आडवे सरकू देत नाही, म्हणून त्या ओढीचा पुढचा भाग तेवढा कामी येतो. थेट वाऱ्याच्या तोंडावर कोणतीच नाव जात नाही; पण चौकोनी शिडांच्या जहाजापेक्षा तिकोनी शीड वाऱ्याच्या अधिक जवळून जाते. गलबताचा तळ उथळ, त्यामुळे ते आडवे थोडे जास्त घसरे. त्याच उथळपणामुळे मोठी जहाजे जिथे रुततील, त्या खाडीत ते सहज शिरे.

खरी कसोटी वारा पडल्यावर लागे. दिवसा खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री मतलई जमिनीकडून. दिशा पालटण्याच्या वेळी मध्ये शांतता पसरते. मोठे जहाज तेव्हा जागीच खिळते. गलबते वल्ही मारत गुराबांना, म्हणजे तोफांच्या मोठ्या लढाऊ जहाजांना, दोराने ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला भिडत. जहाजाच्या बहुतेक तोफा कुशीला असत. मागच्या शत्रूवर त्या रोखता येत नसत. गुराबांच्या तोफा मात्र नाळेवरून सरळ पुढे मारा करीत.

पुढे फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांच्या माऱ्यात कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, हे आजही जिव्हारी लागते.

खारे आणि मतलई वारे आपली मुले भूगोलात पाठ करतात. तो धडा शिकवताना वर्गात जाड कापडाचा एक तुकडा फिरवावा, मुलांनी तो उभा आणि उरेब ओढून पाहावा आणि मग त्यांना गलबत सांगावे. गांधीबागेत तेवढे कापड सहज मिळेल.